तिसऱ्या माणसाचे गुण

खुलताबाद तालुक्यातल्या वेरूळला आलेल्या माणसाचे पाय कैलासाकडे, म्हणजे सोळा नंबरच्या लेण्याकडे वळतात. त्याच्या अलीकडचा बारा नंबरचा तीन मजली बौद्ध विहार, ‘तीन ताल’, बहुतेक जण वरवर पाहून सोडतात. २०१६ सालच्या मार्चमध्ये मात्र याच विहारातल्या मातीच्या गिलाव्याची बातमी देशाबाहेरच्या वर्तमानपत्रांनीही छापली. गिलाव्यात गांजाचे झाड सापडले होते.

बातमीवर विनोद व्हायचे ते झाले. गिलावा लिंपणाऱ्यांना नशेचे वेड असल्याचा निष्कर्षही काहींनी काढून टाकला. त्या गडबडीत, हे शोधून काढणारी जोडी किती विजोड होती याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. एक होते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेत काम केलेले रसायनज्ञ राजदेव सिंह. दुसरे मिलिंद सरदेसाई, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. त्यांचा निबंध ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला.

पुरातत्त्वातल्या रसायनज्ञाला गिलाव्यात चुना किती, माती किती, कुठले क्षार साचले हे सांगता येते. त्यात काडीकचरा दिसला तर तो वनस्पतीचा आहे, इथपर्यंतही तो पोचतो. पण कुठल्या वनस्पतीचा? तिथे त्याची विद्या थांबते. उलट वनस्पतींच्या वर्गीकरणात मुरलेल्या माणसाला पेशींची ठेवण पाहून झाड ओळखता येते, पण संरक्षित लेण्यातल्या गिलाव्याचा कण त्याच्या हाती येण्याचे एरवी कारण नाही. इथे दोघांची गाठ पडली. गिलाव्यातून वेगळे केलेले अवशेष त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, अवरक्त वर्णपटाने तपासले आणि जालना परिसरातून व दिल्लीच्या आसपासून आणलेल्या ताज्या झाडांशी ताडून पाहिले. जुळणी झाली. मिश्रणात या झाडाचा वाटा सुमारे दहा टक्के निघाला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. या झाडाचे तंतू चिवट असतात, गिलावा तडकू देत नाहीत. हवेतला दमटपणा ते शोषतात आणि परत सोडतात, त्यामुळे पावसाळ्यात लेण्याच्या आतली हवा सावरली जाते. आणि किडे या मिश्रणाच्या वाटेला जात नाहीत. शेवटच्या मुद्द्याला तुलना होती ती अजिंठ्याची. तिथल्या गिलाव्यात हे झाड आढळले नाही, आणि तिथली निदान पंचवीस टक्के चित्रे किडींनी खाल्ली असा या दोघांचा अंदाज होता. वेरूळला तसा उपद्रव दिसला नाही. वेरूळहून खुलताबादमार्गे घाट उतरला की देवगिरीचा किल्ला लागतो. तिथल्या बांधकामातही याच झाडाचा वापर झाल्याचे त्यांनी नोंदवले. म्हणजे ही एखाद्या कारागिराची लहर नसून या पट्ट्यातली मुरलेली पद्धत असावी.

आता एक खोट काढतो. ‘दीड हजार वर्षे टिकलेला गिलावा’ असे सगळीकडे छापून आले. वेरूळची सुरुवातीची लेणी सहाव्या शतकातली, तेव्हा आकडा कानाला बरा वाटतो. पण तीन ताल हा तिथल्या बौद्ध लेण्यांतला शेवटच्या टप्प्यातला विहार. वेरूळच्या बौद्ध लेण्यांवर जेरी मलांड्रा यांचे १९९३ सालचे स्वतंत्र पुस्तक आहे. कलेतिहासकार या विहाराचा काळ साधारण आठव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या आसपास नेतात. मग वय भरते बाराशे-तेराशे वर्षे. दोनशे वर्षांनी शोधाचे मोल कमी होत नाही, पण गिलाव्याच्या आयुष्यावर कुणी पुढचे गणित मांडायचे ठरवले तर पायाच चुकीचा पडतो. या कामात तिसरी खुर्ची कलेतिहासकाराची असती तर हा आकडा बातमीपर्यंत गेला नसता.

चौथीही खुर्ची लागली असती. जुन्या गिलाव्याची डागडुजी जुन्याच मिश्रणाने करावी असे उद्या ठरले, तर झाड आणायचे कुठून? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने त्याच्या लागवडीवर बंदी आहे. मात्र त्याच कायद्याचे चौदावे कलम तंतू आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची वाट सरकारला मोकळी ठेवते, आणि उत्तराखंडाने ती वापरलीही आहे. हे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कळत नाही. विधी विभागाचा दरवाजा वाजवावा लागतो.

एकाच विद्येच्या भरवशावर काम केले की काय होते, याचा जुना दाखला अजिंठ्यातच आहे. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९२० साली लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन जाणकारांना चित्रे वाचवायला बोलावले. दोघे आपल्या कामात वाकबगार. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते काम मोलाचेच. पण चित्रांवर लाखेचा पातळ थरही दिला. इथल्या हवेत तो थर काळवंडला, पिवळा पडला, आणि तो उतरवण्यात पुढच्या रसायनज्ञांची अनेक वर्षे गेली.

महाराष्ट्रात याहून चांगले घडलेले नाही असे कुणी समजू नये. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचे इनामगाव १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उकरले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या त्या कामात जळक्या दाण्यांवरून पिके ओळखणारा, जनावरांची हाडे वाचणारा, माणसांचे सांगाडे तपासणारा, असे निरनिराळे जाणकार होते. तिथला शेतकरी जव पिकवत होता आणि पाटाने पाणी देत होता, हे एकट्या खापऱ्यांवरून कळले नसते. डेक्कन कॉलेजला हे जमले, कारण हे लोक एकाच छपराखाली बसत. त्यांना एकत्र आणायला परिपत्रक काढावे लागले नाही.

आपल्याकडे मात्र परिपत्रकांची कमतरता नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय हा शब्द पानोपानी भेटतो. विद्यापीठांतून समित्या होतात, प्राध्यापकांचे अभ्यासगट स्थापन होतात, उद्घाटनाला कुलगुरू येतात. पण प्राध्यापकाची बढती ज्या हिशोबावर चालते तो पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञानाच्या एका शोधनिबंधाला आठ गुण आहेत, भाषा आणि मानव्यविद्यांच्या निबंधाला दहा. लेखक दोन असतील तर प्रत्येकी सत्तर टक्के. इथवर तक्रार नाही. उलट हे उदारच म्हणायचे. पण तिसरा माणूस आला की मुख्य लेखकाला सत्तर आणि बाकीच्यांना तीस-तीस टक्के. म्हणजे एकट्याने लिहिले तर दहा गुण मिळवणारा कलेतिहासकार गिलाव्याच्या निबंधात तिसरा म्हणून बसला, तर त्याच्या पदरात पडणार तीन. त्याने लेण्याचा काळ नीट लावून द्यायला आठवडे घालवावेत आणि तीन गुण घ्यावेत, ही अपेक्षा मला भाबडी वाटते. वेरूळच्या निबंधावर दोनच नावे का, याचे कारण हा नियम नाही, निबंध आधीचा आहे. पण यापुढे तिसरे नाव सहजी येणार नाही, याची सोय या नियमाने केली आहे.

आणि तिसऱ्या माणसाची गरज सर्वांत जास्त कुठे असेल तर ती खुलताबादेत. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची माणसे देवगिरीला हलवली, त्या काळात चिश्ती परंपरेचे बुऱ्हानुद्दीन गरीब इथे आले. त्यांचे शिष्य असलेल्या काशानी बंधूंनी त्यांचे बोल आणि आठवणी फारसीत टिपून ठेवल्या. निजामुद्दीन औलियांची संभाषणे लिहिणारे कवी अमीर हसन सिज्झी यांची कबर इथेच आहे. कार्ल अर्न्स्ट या अमेरिकी अभ्यासकाने या फारसी ग्रंथांवरून खुलताबादचा इतिहास १९९२ साली पुस्तकरूपाने मांडला. इथल्याच डोंगरात सुलीभंजन आहे, जिथे एकनाथांनी तप केल्याचे सांगतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. एका तालुक्यात फारसी, मराठी, बौद्ध शिल्प, मलिक अंबरची कबर आणि दख्खनचा काळा पाषाण. एकट्या विभागाला हे पेलणारे नाही. फारसी वाचणारा भूगर्भतज्ज्ञाला एखाद्या तलावाचे वय सुचवू शकतो, भूगर्भतज्ज्ञ फारसी वाचणाऱ्याची चूक दाखवू शकतो.

१९५८ साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. इतिहास, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र यांचे विभाग तिथे एकाच आवारात आहेत. अभ्यासगटाच्या उद्घाटनाचा खर्च वाचवून विद्यापीठाने दोन गोष्टी कराव्यात. एका विभागाचे यंत्र दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाला साध्या अर्जावर वापरू द्यावे. आणि तिसऱ्या-चौथ्या लेखकाचे गुण वाढवून द्या, असा ठराव विद्वत परिषदेत करून तो आयोगाकडे धाडावा.