जांभळी बोटं

‘मायक्रो केलंस? म्हणजे चिप वगैरे?’ पुण्यात आल्यापासून हा प्रश्न मला किमान पन्नास वेळा विचारला गेलाय. मायक्रोसॉफ्ट, मायक्रोवेव्ह, लोकांना काहीही सुचतं, फक्त बॅक्टेरिया सुचत नाहीत. कोल्हापुरातल्या नातेवाईकांचा प्रश्न वेगळा. ‘मेडिकलला नंबर लागला न्हाई होय गं?’ नाही हो काकी, फॉर्मच भरला नव्हता!

शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. सागरमाळावरचा तो ऐसपैस कॅम्पस, केएमटीची गर्दी आणि आमची ओळख म्हणजे जांभळी बोटं. १८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरने जिवाणू रंगवायची युक्ती शोधली, ती आजही पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतात. आधी क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं, शेवटी सॅफ्रानिन. जांभळे राहिले ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी झाले ते निगेटिव्ह. स्लाइड जमली नाही तरी बोटं हमखास रंगतात आणि तो रंग साबणाला दाद देत नाही. एकदा कंडक्टरने तिकीट देताना विचारलं, ‘दोन्ही हातांनी मतदान केलंय काय ओ?’

पण खरी मजा अशी, की मायक्रो शिकायला कोल्हापूरसारखं गाव नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळीवर यीस्ट कामाला लागलेलं, डेअऱ्यांमध्ये दही-श्रीखंड. सिलॅबस रस्त्यावरच सांडलेला असतो!

दुधाचंच घ्या. गंगावेशीत म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि फेसाळता ग्लास थेट हातात. धारोष्ण! तालमीतल्या पोरांपासून रिटायर्ड आजोबांपर्यंत सगळे ओठांवर फेसाची मिशी घेऊन उभे. माझा मामा तिथला रोजचा गिऱ्हाईक. मी एकदा त्याच्या लाडक्या म्हशीच्या दुधाची टेस्ट लावली. १० मिली दुधात १ मिली मेथिलीन ब्लू आणि ३७ अंशांवर ठेवून वाट बघायची. जिवाणू दुधातला ऑक्सिजन संपवतात तसा निळा रंग उडत जातो. अर्ध्या तासात उडाला तर दूध खराब, पाच तास टिकला तर झकास. मामाचं दूध पाच तासांनंतरही निळंच. ‘बघ! चार पिढ्या पितोय आम्ही!’ मामा लई खूश. आता त्याला कसं सांगायचं, की या टेस्टवरून जिवाणू साधारण किती आहेत ते कळतं, कोण आहेत ते नाही? ब्रुसेलासारखा एखादा पाहुणा थोड्या संख्येनेही ताप देऊ शकतो, आणि तो ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. सांगितलं. ‘म्हशीवर विश्वास न्हाई काय तुझा?’ यावर कुठल्याच टेक्स्टबुकात उत्तर नाही.

पाण्याच्या प्रॅक्टिकलला मात्र कुणी हसलं नाही. प्रत्येकाने आपल्या घरचं पाणी निर्जंतुक बाटलीत आणायचं होतं. माझ्या पार्टनरने गावाकडच्या विहिरीचं आणलं, काचेसारखं स्वच्छ. जांभळ्या मॅकॉन्की ब्रॉथमध्ये एक इवलीशी नळी उलटी ठेवलेली असते. जिवाणूंनी लॅक्टोज खाल्लं की आम्ल तयार होतं, ब्रॉथ पिवळा पडतो आणि त्या नळीत गॅसचा बुडबुडा अडकतो. दुसऱ्या दिवशी तिच्या सगळ्या ट्यूब पिवळ्या. पुढे ईएमबी प्लेटवर हिरवी, धातूसारखी चमक. ई. कोलाय. म्हणजे विहिरीत कुठून तरी मैला झिरपतोय. तिची आजी तेच पाणी पीत होती. पोरगी प्लेट हातात धरूनच घरी फोन लावायला निघाली, तेव्हा सरांनी ती काढून घेतली.

आमच्या भागात हे नुसतं पुस्तकी नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. काविळीचा विषाणू आमच्या प्लेटवर वाढत नाही. म्हणून तर ई. कोलाय शोधायचा. तो ज्या वाटेने आला, त्याच वाटेने बाकीचेही येऊ शकतात.

इचलकरंजी म्हणजे यंत्रमाग, आणि कापड म्हटलं की रंगाचं सांडपाणी आलंच. हे रंग जिवाणूंकडून तोडून घ्यायचं संशोधन आमच्या विद्यापीठात बरीच वर्षं झालंय, माझा प्रोजेक्टही त्यातलाच. डाईंगच्या नाल्याकाठची माती आणायची, रंगातही तग धरून राहिलेले जिवाणू त्यातून वेगळे करायचे आणि फ्लास्क न हलवता ठेवून द्यायचा. ऑक्सिजन कमी असला की अझो रंगातला नायट्रोजनचा जोड हे पठ्ठे जास्त चांगला तोडतात. रात्री लालभडक ठेवलेला फ्लास्क सकाळी जवळपास पाण्यासारखा! मी नाचायचीच बाकी होते. गाइडनी शांतपणे विचारलं, ‘मूग पेरलेस?’ कारण रंग तुटल्यावर जी अमाइन्स उरतात, ती कधी कधी रंगाहून विषारी असतात आणि डोळ्यांना दिसतही नाहीत. मग तीन डिशमध्ये मूग. साध्या पाण्यात मुळं लांबसडक, रंगाच्या पाण्यात खुरटलेली, माझ्या ‘स्वच्छ’ पाण्यात मधली. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

पगाराचं विचारू नका. माझी पहिली सॅलरी ऐकून आयटीवाली रूममेट म्हणाली, ‘आठवड्याची ना?’ सध्या मी एका फूड कंपनीच्या क्यूसीमध्ये आहे. मी सही केल्याशिवाय बॅच गेटबाहेर जात नाही, आणि महिनाअखेरीस सेल्सवाले डोक्यावर उभे असताना प्लेटला ४८ तास लागतात म्हणजे लागतातच. जिवाणूंना टार्गेट कळत नाही.

आणि हो, तुमच्या ऑफिसच्या त्या स्टीलच्या वॉटर कूलरची टाकी शेवटची कधी धुतली, हे उद्या ॲडमिनला विचारून बघा. मी आमच्याकडे विचारलं होतं. तेव्हापासून अर्धं ऑफिस घरून बाटली आणतं.