‘डस्टलेस’ खडूतलं दूध

शाळा सुरू झाल्या, की दवाखान्यांत खोकणाऱ्या मुलांची गर्दी होते. पावसाळी हवा, एकमेकांची सर्दी ही कारणं आईबापांना पाठ आहेत. फळ्याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतं.

साधा खडू जिप्समचा किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याच्या भुकटीने घसा खवखवतो, दमा असलेल्या मुलाला उबळही येऊ शकते. पण हा नुसता चुरचुरण्याचा त्रास, ॲलर्जी नव्हे. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे ‘डस्टलेस’ खडू. काही मुलांसाठी खरा धोका नेमका तिथेच आहे.

स्पेनमधल्या कार्लोस लारामेंदी या ॲलर्जीतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘ॲनल्स ऑफ ॲलर्जी, अस्थमा अँड इम्युनॉलॉजी’मध्ये हे दाखवून दिलं. धूळ कमी उडावी म्हणून काही खडूंमध्ये केसीन घालतात. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के तेच. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या श्वासातून ही भुकटी आत गेली, की शिंका, खोकला, छातीत घरघर, कधी दम्याचा झटकाही. मूल डब्यात दुधाचा थेंबही नेत नाही, तरी वर्गात बसून त्याला धाप लागते! लारामेंदींचं मला मोठं वाटतं ते हे, की त्यांनी डब्यापाशी न थांबता फळ्यापर्यंत माग काढला.

दूध पचत नाही म्हणून पोट बिघडणारी मुलं वेगळी, त्यांना या खडूची भीती नाही. बऱ्याच मुलांची दुधाची ॲलर्जी शाळेच्या वयापर्यंत जातेही. ज्यांची जात नाही, त्यांचं काय?

आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर ‘दूध आहे’ असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. खडू खाण्याची वस्तू नाही, म्हणून त्याला हा नियम लागू नाही. मला हे पटत नाही. मुलांच्या नाकासमोर रोज उडणाऱ्या वस्तूत काय आहे, ते खोक्यावर छापलंच पाहिजे.

तोवर दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांनी वर्गशिक्षकांना स्पष्ट सांगावं आणि खडूत केसीन आहे का, हे शाळेला उत्पादकाकडून विचारून घ्यायला लावावं. मुलाला फळ्यापासून लांब बसवावं, फळा ओल्या फडक्याने पुसावा. आणि डस्टर झटकायचं काम त्या मुलाकडे कधीच देऊ नये.