वेदनाशामक गोळ्या, घरगुती काढे आणि स्त्री-संप्रेरके

परीक्षेच्या दिवसांत एखादी विद्यार्थिनी पोट धरून स्टाफरूममध्ये येते. एक मॅडम पर्समधून गोळी काढतात, तर दुसऱ्या म्हणतात, "गोळीने हार्मोन्स बिघडतात, बडीशेपेचा काढा घे." गोळी अपायकारक आणि काढा निर्धोक, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गातही पक्की आहे. ती कितपत खरी आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. मी भाषेची अध्यापिका आहे, डॉक्टर नव्हे. तेव्हा हे विवेचन उपचारासाठी नाही.

गर्भधारणा झाली नाही की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी घसरते आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात व कळा येतात. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे प्रोस्टाग्लँडिन बनविणाऱ्या विकराला अडवितात. ॲस्पिरिनची हीच रीत जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखविली व 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. म्हणजे गोळीचे काम संप्रेरकावर नसून त्याच्या पुढच्या पायरीवर चालते. पाळीचे दोन-तीन दिवस घेतलेल्या गोळीने संप्रेरके बिघडतात, या म्हणण्याला आधार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. अंडाशयातील पुटिका फुटून बीज बाहेर पडण्यासही प्रोस्टाग्लँडिन लागते. पाठदुखी वा संधिवातासाठी महिन्याच्या मध्यावर रोज गोळ्या घेतल्यास पुटिका न फुटता तशीच राहू शकते. प्रोजेस्टेरॉन मात्र तयार होऊ शकते, पाळी वेळेवर येऊ शकते, रक्ततपासणीत दोष दिसेलच असे नाही. बीज तेवढे सुटलेले नसते. 2015 मध्ये इराकी संशोधकांनी मांडलेल्या 39 स्त्रियांच्या लहानशा अभ्यासात, दहा दिवस अशी औषधे घेणाऱ्या बहुतेकींत बीज सुटले नसल्याचे दिसले. औषध थांबविल्यावर हा परिणाम ओसरतो. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे बोलणी खाणाऱ्या सुनेला, "तू कंबरेसाठी काय घेतेस?" असे किती जणी विचारतात?

आता वनस्पतींकडे वळू. युनानी ग्रंथांत पाळी आणणाऱ्या औषधांना 'मुदिर्र-ए-हैज' म्हणतात. 'इदरार' म्हणजे प्रवाही करणे. संज्ञा परिणामाची आहे, कारणाची नाही. 'हार्मोन' हा शब्दच 1905 साली स्टार्लिंग यांनी रूढ केला. बडीशेपेतील (युनानीत बादियान) ॲनेथोल या द्रव्यात इस्ट्रोजेनसारखा सौम्य गुण आहे, आणि इराणमधील काही चाचण्यांत बडीशेपेने कळा कमी झाल्याचे आढळले. म्हणजे ज्या काढ्याला आपण 'हार्मोनमुक्त' समजतो, त्याचेच संप्रेरकांशी नाते अधिक जवळचे! स्वयंपाकातल्या चिमूटभर बडीशेपेने बिघडत नाही. दाट अर्क रोज घेणे वेगळे. मेथीतील डायोसजेनिनपासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन बनविता येते, एवढ्यावरून मेथीने ते शरीरात वाढते असे सांगितले जाते. आपल्या शरीराला ते रूपांतर जमत नाही. पाळी लांबली की दिला जाणारा काळा बोळ हा कोरफडीचा वाळविलेला रस असून तो जुलाब करवितो. पाळी लांबण्याचे कारण गर्भ असेल, तर हा प्रयोग धोक्याचा.

गरोदरपणी 20 व्या आठवड्यापासून वरील गोळ्या टाळाव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2020 मध्ये दिला. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबद्दल आपल्याकडील इंडियन फार्माकोपिया कमिशननेही 2023 मध्ये सावध केले. म्हणून पर्समधली गोळी देण्यापूर्वी दमा, पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वीची ॲलर्जी यांविषयी मुलीला विचारावे. दर महिन्याला दुखणे वाढतच असेल, गोळीलाही दाद देत नसेल, तर काढा वा गोळी बदलत न बसता तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. एंडोमेट्रिओसिससारखे आजार अशाच दुखण्यामागे वर्षानुवर्षे लपून राहतात.