क्रूझच्या पगाराला तासांनी भागा

क्रूझवरच्या नोकरीचा डॉलरमधला आकडा रुपयांत केला की भरघोस वाटतो. माझं म्हणणं, त्याला आधी तासांनी भागावं. 2006 चा सागरी श्रम करार वेटर आणि केबिन सांभाळणाऱ्यांनाही लागू आहे. त्यात देशांना दोन पर्याय आहेत: कामाची कमाल मर्यादा (आठवड्याला 72 तास) किंवा विश्रांतीची किमान मर्यादा (आठवड्याला 77 तास). दुसरा निवडला, तर आठवड्याला तब्बल 91 तास काम कायदेशीर ठरतं. शिवाय जहाजावर बहामास किंवा पनामाचा झेंडा असेल, तर प्रवासी अमेरिकन असले तरी अमेरिकेचं किमान वेतन मिळत नाही.

‘राहणं-जेवण फुकट, बचत होतेच की’, हे खरंच आहे. गोव्यात कित्येक घरं याच कमाईवर उभी राहिली. पण नोकरीचा करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा, आणि हॉटेल विभागातल्या बऱ्याच जणांना दोन करारांमधल्या काळात पगार नसतो. म्हणून वर्षाची कमाई बारानेच भागायला हवी. ‘जबरदस्ती कुठे आहे?’ असंही विचारतात. कर्ज काढून एजंटचा खिसा भरलेल्या मुलाला करार मध्येच सोडणं परवडत नाही, हे त्याचं उत्तर. नोकरी लावण्याची फी कर्मचाऱ्याकडून घ्यायला सागरी श्रम करारात मनाई आहे, आणि भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला आहे. सहीआधी एजंटचा आरपीएसएल (जहाजावरच्या नोकरभरतीचा) परवाना केंद्र सरकारच्या डीजी शिपिंग या कार्यालयाच्या संकेतस्थळावर तपासा. ओव्हरटाइम आणि टिप्स पगारात धरल्यात का, तेही पाहा. करारातलं कलम कळलं नाही तर खाली विचारा.