सुटलेल्या माणसाचें मत

ठाण्याच्या कोर्टनाक्यावरून कळव्याच्या वाटेस लागलें म्हणजे जुन्या किल्ल्याचा तट दृष्टीस पडतो. पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतलेला, १७३७ सालीं मराठ्यांनीं जिंकलेला व १७७४ सालीं इंग्रजांच्या हातीं गेलेला हा किल्ला पुढें तुरुंग झाला आणि आज ठाणें मध्यवर्ती कारागृह या नांवानें तो ओळखला जातो. नाशिकच्या जॅक्सन प्रकरणांतील अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजीं याच तटाआड फांशीं देण्यांत आलें. तेव्हां जो तुरुंगांत गेला तो समाजांतून कायमचा उठला, असें निदान ठाणेकरांनीं तरी म्हणूं नये. परंतु आज आम्हांस लिहावयाचें आहे तें इतिहासांत नांव राहिलेल्या कैद्यांविषयीं नव्हे. किरकोळ चोरी, मारामारी किंवा न वटलेला धनादेश यांपायीं शिक्षा भोगून, हातांत एक पिशवी घेऊन जो सामान्य माणूस येथील अथवा कल्याणच्या आधारवाडी तुरुंगाच्या दारांतून बाहेर पडतो, त्याच्या मताचें काय होतें, इतकाच आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें उत्तर आमच्या पेठांतून बहुधा चुकीचें मिळतें. शिक्षा झाली कीं मत गेलें, असा समज चांगल्या शिकलेल्या लोकांतही दिसतो. या समजाचें मूळ दोन निराळ्या गोष्टींच्या घोटाळ्यांत आहे. निवडणुकीस उभें राहण्याचा हक्क ही एक गोष्ट, आणि मत देण्याचा हक्क ही दुसरी. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणें दोन वर्षें वा अधिक शिक्षा झालेला मनुष्य शिक्षेच्या काळांत आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षें उमेदवार होऊं शकत नाहीं. कांहीं विशिष्ट गुन्ह्यांत तर याहून कमी शिक्षाही पुरते. ही सहा वर्षांची गोष्ट वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांच्या निमित्तानें वारंवार येते, आणि वाचणारा ती मतदारासही लागू समजतो. वास्तविक मतदारासंबंधीं त्याच कायद्याचें बासष्टावें कलम आहे. त्याच्या पांचव्या पोटकलमांत एवढेंच म्हटलें आहे कीं, जो तुरुंगांत बंद आहे किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यांत आहे, त्यानें मत देऊं नये. म्हणजे बंदी आहे ती गजांची आहे, माणसाच्या जन्माची नाहीं. दार उघडलें कीं बंदी संपली. तीस कोणाचा हुकूम लागत नाहीं, अर्ज लागत नाहीं, दयेची याचना तर मुळींच लागत नाहीं. अपवाद आहे तो निवडणुकीच्याच कांहीं गुन्ह्यांचा, उदाहरणार्थ लांच देऊन मतें मिळविण्याचा. त्यांत दोषी ठरलेल्याचें मत सहा वर्षें जातें, आणि तें रास्तच आहे.

इंग्रजी अमलांतील कायदाही या बाबतींत याहून कठोर नव्हता. १९३५ च्या कायद्यांत शिक्षा भोगीत असलेल्यास मत नाकारलें होतें. दोन वर्षें वा अधिक शिक्षा झालेल्यास सुटकेनंतर पांच वर्षें कायदेमंडळाची दारें बंद होतीं. परंतु सुटून आलेल्याचें मत त्यानेंही घेतलें नव्हतें. अमेरिकेची स्थिति पाहिली म्हणजे आपल्या कायद्याची किंमत कळते. तेथें फ्लोरिडा संस्थानांत मोठ्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांस ती पुरी भोगल्यावरही मत नसे. २०१८ सालीं तेथील मतदारांनींच कौल देऊन, खून व लैंगिक गुन्हे वगळून, तें परत दिलें. आणि पुढल्याच वर्षीं तेथील विधिमंडळानें दंडाची व कोर्टखर्चाची पै न पै भरल्यावांचून मत नाहीं, असा कायदा करून एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें पुष्कळसें काढून घेतलें.

मग आपल्याकडे अडचण कसली, असें कोणी विचारील. अडचण कायद्याच्या पुस्तकांत नाहीं, मतदारयादींत आहे. ज्याचें नांव यादींत नाहीं त्याचा हक्क कागदावरच राहतो. आणि तुरुंगांतून आलेल्याचें नांव यादींतून नाहींसें होण्याची रीत इतकी साधी व निरुपद्रवी दिसते कीं, तींत कोणाचा दुष्टावा शोधूं गेलें तरी सांपडत नाहीं. घरोघर तपासणीस कर्मचारी येतो. अमुक मनुष्य येथें राहतो काय, असें विचारतो. घरचीं माणसें लाजेनें खरें सांगत नाहींत; शेजारी म्हणतो, बरेच दिवसांत दिसला नाहीं. स्थलांतरित असा शेरा पडतो व पुढें नांव कमी होतें. कमावता मनुष्य आंत गेल्यावर भाड्याची खोली परवडत नाहीं, म्हणून कुटुंबच टिटवाळ्याकडे, बदलापुराकडे किंवा थेट गांवीं गेलेलें असलें तर विचारावयासही कोणी नसतें. आमच्या या भागांत अकरा-अकरा महिन्यांच्या करारानें राहणारीं बिऱ्हाडें आणि पुनर्बांधणीसाठीं पाडल्या जाणाऱ्या चाळी यांची उणीव नाहीं. २० मे २०२४ रोजीं लोकसभेच्या मतदानादिवशीं कल्याण-डोंबिवलींत कधीं तुरुंगाचें तोंडही न पाहिलेले गृहस्थ आपलें नांव यादींत नाहीं म्हणून केंद्रावरून परत फिरले. ज्यांचीं दारें उघडीं होतीं त्यांची ही गत, तर ज्याच्या दारास कुलूप होतें त्याची काय असेल?

कायद्यानें या माणसाचा विचार केलेला नाहीं, असें नाहीं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. मनुष्य कांहीं काळ घरापासून दूर असला एवढ्यावरून तो तेथील रहिवासी नाहीं असें होत नाहीं; आणि कोणी तुरुंगांत आहे एवढ्यावरून तुरुंग हें त्याचें राहण्याचें ठिकाण ठरत नाहीं. शिवाय स्थलांतराच्या कारणानें नांव कमी करण्यापूर्वीं त्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि दिली पाहिजे, असें बाविसावें कलम सांगतें. पण नोटीस जाते ती रिकाम्या घराच्या पत्त्यावर, आणि ज्यानें उत्तर द्यावयाचें तो बराकींत बसलेला!

यांत २०१३ सालची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्यास कोठडींतून मत देतां येत नाहीं तो मतदारच नव्हे, म्हणून त्यास उमेदवारही होतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें त्या वर्षीं १० जुलैस दिला. पुढाऱ्यांत एकच धांदल उडाली, आणि त्याच वर्षीं संसदेनें बासष्टाव्या कलमास पुस्ती जोडली कीं, तुरुंगांत असल्यामुळें मत देतां आलें नाहीं तरी यादींत नांव असलेला मनुष्य मतदार असण्याचा थांबत नाहीं. पुढाऱ्यांच्या सोयीसाठीं घातलेलें हें वाक्य गरिबाच्याही कामाचें आहे. तें त्याला कोणीं वाचून दाखविलें मात्र नाहीं.

चोरास मताचा मान कशाला, असा आक्षेप घेणारे आमचे कांहीं व्यापारी मित्र आहेत. त्यांस आम्ही त्यांच्याच गादीवरचा दाखला देतों. एखाद्या कुळानें व्याजासह सगळी रक्कम फेडली, पावती घेतली, तर दुसऱ्या दिवशीं आपण त्याच्या नांवावर बाकी दाखवितां काय? न्यायाधीशानें दोन वर्षें सांगितलीं आणि त्यानें दोन वर्षें भोगलीं. वरती जन्मभराचा बट्टा लावण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? शिवाय हा मनुष्य उद्यां आपल्याच बाजारांत हमाली करणार, गाळ्यावर बसणार, दुकानांत सामान भरतांना प्रत्येक वस्तूमागें कर देणार. नळाचें पाणी व गटाराची घाण त्याच्याही वस्तींत आहे. ज्यास नगराच्या कारभारांत बोलण्यास जागाच उरली नाहीं, त्यानें नगरास आपलें मानावें ही अपेक्षा कोणत्या तोंडानें करावयाची?

दुसरीही एक बाब आहे, आणि ती आम्हांस अधिक सलते. २०२२ अखेरच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं. पैकीं ४,३४,३०२ म्हणजे चारांतले तिघे कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा आहे. एकाच आरोपांतील दोघांपैकीं ज्याला जामीनदार मिळाला तो बाहेर येऊन मत देतो. ज्याला मिळाला नाहीं तो देऊं शकत नाहीं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही बंदी वैध ठरविली; बंदोबस्ताची व मनुष्यबळाची अडचण, आणि गुन्हेगारीस निवडणुकीपासून दूर ठेवण्याचा हेतु, हीं कारणें दिलीं. उलट दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानें १९९९ सालीं कैद्यांसही मत देऊं केलें. आपल्याकडील निकाल फिरावा असें आम्हांस वाटतें. पण तो वाद मोठा आहे, आणि त्याच्या निकालाची वाट पाहत सुटलेल्यांस ताटकळत ठेवण्याचें कारण नाहीं. न्यायालयानें दिलेलें बंदोबस्ताचें कारण तुरुंगाच्या दाराबाहेर उरतच नाहीं.

करावयाचें काम थोडें आहे. सुटकेच्या दिवशीं कैद्यास त्याचे कपडे, पैसे व कागद परत मिळतात. त्याच वेळीं मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज त्याच्या हातीं द्यावा व यादींत नांव आहे कीं नाहीं तें पाहून सांगावें. लिहितां येत नसेल त्यास विधि सेवा प्राधिकरणाच्या वकिलानें भरून द्यावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणें कोठडींतील माणसास फुकट कायदेशीर मदतीचा हक्क आहेच. अठराव्या वर्षीं आंत गेलेल्या पोरांचीं नांवें तर यादींत कधींच चढलेलीं नसतात. त्यांजकडे विशेष लक्ष पाहिजे. पत्त्याचा पुरावा नाहीं म्हणून कोणास परतवूं नये. ज्यास घरच नाहीं तो जेथें निजतो तेथें कर्मचाऱ्यानें रात्रीं एकाहून अधिक वेळां जाऊन खात्री करावी, मग कागदी पुरावा लागणार नाहीं, असा निवडणूक आयोगाचाच नियम आहे. पुलाखालीं निजणाऱ्यास जो नियम चालतो, तो भावाच्या खोलींत पथारी टाकणाऱ्या सुटलेल्या कैद्याच्या बाबतींत आडवा येण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी असतात, आणि ठाण्याचा तुरुंग त्यांच्या कचेरीपासून फार लांब नाहीं. महिन्यांतून एक दिवस त्यांचा एक कारकून तेथें व एक आधारवाडीस बसला तर पुष्कळ काम होईल. महापालिकेच्या निवडणुकीस विधानसभेचीच यादी वापरतात, त्यामुळें एकदां गळलेलें नांव सगळीकडेच गळतें. कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकांनीं २०२० च्या नोव्हेंबरापासून पांच वर्षांहून अधिक काळ नगरसेवकांवांचून काढला, तेव्हां मत असून देण्यास जागा नसणें म्हणजे काय, हें त्यांस निराळें सांगावयास नको. सुटून आलेल्यांस आमची सूचना एवढीच कीं, निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबूं नये. विधानसभेच्या व लोकसभेच्या यादींत उमेदवारी अर्जाची मुदत संपल्यावर नवें नांव चढत नाहीं, आणि महापालिकेची यादी तर त्याहूनही आधींच्या तारखेस बंद होते. नांव कमी केल्याचा हुकूम झाला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करण्यास अवघे पंधरा दिवस मिळतात. ते उलटून गेले असले तरी नवा अर्ज देण्यास कोणी अडवूं शकत नाहीं.