स्नायूंमधलं ‘लोडशेडिंग’

ग्रुपमध्ये अशी एखादी असतेच बघा. ट्रेकला नाही म्हणते, तिसऱ्या मजल्यावरच्या लेक्चरला जाताना जिन्यात दोनदा थांबते. आपण ‘स्टॅमिना झीरो’ म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं, झोप कमी किंवा हिमोग्लोबिन कमी. पण काही जणांच्या बाबतीत गडबड थेट स्नायूंमध्ये, तिथल्या मायटोकॉन्ड्रियात असते.

‘पेशीचं पॉवरहाउस’ म्हणून शाळेत घोकलेलं आठवतंय ना? या पॉवरहाउसकडे स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो आपल्याला आईकडून मिळतो. त्यात ३७ जनुकं, त्यांवरून बनतात फक्त १३ प्रथिनं. ही सगळी ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीत बसतात. साखळीतली बाकीची प्रथिनं पेशीकेंद्रातल्या डीएनएवरून येतात.

१९८८मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं, की स्नायूंच्या काही रुग्णांमध्ये या छोट्या डीएनएचा तुकडाच गायब असतो. एकाच तंतूत चांगल्या आणि बिघडलेल्या प्रतींची भेळ असते. बिघडलेल्या प्रती ठरावीक मर्यादेपलीकडे वाढल्या, की प्रथिनं कमी पडतात आणि त्या तंतूची बत्ती गुल! शेजारचा तंतू मात्र ठणठणीत असू शकतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. स्नायूचा बारीक तुकडा काढून लॅबमध्ये त्यावर दोन रंगांची टेस्ट करतात. साखळीतला चौथा टप्पा चालू असेल, तर तंतू तपकिरी होतो. या टप्प्याची तीन प्रथिनं त्या १३ पैकी आहेत, त्यामुळे बिघाडाचा फटका त्याला बसतो. दुसरा टप्पा पूर्णपणे पेशीकेंद्राच्या भरवशावर, म्हणून तो टिकतो आणि निळा रंग देतो. परिणाम? तपकिरी गर्दीत आजारी तंतू निळे उठून दिसतात. ताणाखालचे तंतू जीडीएफ-१५ आणि एफजीएफ-२१ ही प्रथिनंही जास्त बनवू लागतात. ती रक्तात वाढलेली दिसली, तर डॉक्टरांना निदानासाठी धागा मिळतो.

यातल्या बहुतेक आजारांवर अजून पक्का इलाज नाही. पण निदान झालं, तर हृदय, डोळे, कान यांची वेळेवर तपासणी होते आणि घरच्यांनाही सल्ला मिळतो. ‘आळशी’ हा शिक्का पुसला जातो, तेही काही कमी नाही.

तेव्हा जिन्यात कुणी वारंवार थांबत असेल, पापण्या जड पडत असतील, तर जोक मारण्याआधी एकदा विचारा, ‘डॉक्टरकडे जाऊन आलीस का? मी येऊ सोबत?’