उतारवयातील डोळे आणि सांजवेळेची दुर्बीण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा किंवा मेळघाट येथील पाणवठ्यांवर मचाणे बांधून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याचा जो प्रघात आपल्याकडे पडला आहे, त्यात हौसेने सहभागी होणाऱ्यांत साठी ओलांडलेली मंडळीही असतात. आणि दिवेलागणीच्या सुमारास झाडीच्या कडेला सांबर येऊन उभे राहते, शेजारच्या तरुणाला त्याची शिंगे मोजता येतात आणि आपणांस मात्र काळसर धूसरतेखेरीज काही दिसत नाही, असा अनुभव आला म्हणजे त्यांपैकी कित्येकजण एक तर बाजारातील सर्वांत मोठी व महागडी दुर्बीण विकत घेतात, नाहीतर आपले दिवस संपले असे मानून मचाणावर जाणेच सोडून देतात. या दोन्ही निर्णयांच्या मुळाशी अपुरी माहिती आहे, आणि तिच्यापायी होणारे नुकसान टाळता येण्याजोगे आहे, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

मंद प्रकाशात वापरण्याच्या दुर्बिणींविषयी जे सल्ले प्रचारात आहेत त्यांचा मोठा भाग मध्य युरोपातील शिकाऱ्यांकडून आलेला आहे. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत रानडुकरे व हरणे बहुधा सांजसकाळच्या संधिप्रकाशातच टिपली जात असल्यामुळे, बंदुकीवर बसविण्याच्या ८×५६ मापाच्या (म्हणजे आठपट वर्धन आणि ५६ मिलिमीटर व्यासाचे पुढचे भिंग असलेल्या) दुर्बिणीला तेथे मोठा मान मिळाला आणि तिच्याभोवती आडाख्यांचे एक शास्त्रच तयार झाले. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीला मनाई आहे आणि ती तशीच असणे सर्वथा योग्य आहे. परंतु ते आडाखे हातात धरण्याच्या दुर्बिणीबरोबर आपल्याकडेही आले, आणि ते तरुण डोळ्यांना गृहीत धरून बांधलेले आहेत ही गोष्ट मात्र वाटेत कोठेतरी गळून पडली.

गैरसमज : दुर्बीण काळोखातील वस्तू अधिक उजळ करून दाखवते.

वस्तुस्थिती : चांदण्यांपुरते हे खरे आहे, कारण तारा हा आपल्या दृष्टीला बिंदूमात्र असतो आणि मोठ्या भिंगाने गोळा केलेला त्याचा सारा प्रकाश बिंदूतच राहतो. परंतु सांबर, झाड, पाण्याचा काठ यांसारख्या विस्तार असलेल्या वस्तूंचा उजळपणा नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याहून अधिक करणे कोणत्याही साध्या भिंगाच्या दुर्बिणीला शक्य नाही; भिंगाने जमविलेला जादा प्रकाश वर्धनामुळे तितक्याच पटीने मोठ्या झालेल्या प्रतिमेवर पसरून जातो, आणि काचेत होणारी घट वजा जाता प्रतिमा किंचित मंदच दिसते. (विजेवर चालणारी रात्रदर्शी उपकरणे निराळ्या तत्त्वावर काम करतात, त्यांचा येथे विचार नाही.)

मग दुर्बिणीचा उपयोग काय? उपयोग वर्धनाचा आहे. आपल्या दृष्टिपटलावर सुमारे ६० लाख शंकुपेशी आणि सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात. प्रकाश भरपूर असता शंकुपेशी रंग व बारकावे टिपतात. काळोख दाटू लागला की त्या थकतात आणि कारभार दंडपेशींच्या हाती जातो. दंडपेशी अत्यल्प प्रकाशालाही प्रतिसाद देतात खऱ्या, पण अनेक पेशी मिळून एकच संदेश पाठवीत असल्यामुळे सूक्ष्म तपशील त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो. आठपट मोठी झालेली आकृती त्या पेशींना पेलते, आणि म्हणून जे नुसते ‘काहीतरी’ होते ते अस्वल आहे असे ओळखू येते.

गैरसमज : पुढचे भिंग जितके मोठे, तितका अधिक प्रकाश डोळ्यात शिरतो.

वस्तुस्थिती : दुर्बीण हातभर अंतरावर धरून मोकळ्या आकाशाकडे रोखावी आणि तिच्या नेत्रिकेकडे, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाकडे, पाहावे. काळ्या वर्तुळाच्या मध्यभागी प्रकाशाची एक लहानशी, रेखीव गोल चकती तरंगताना दिसेल. दुर्बिणीतून बाहेर पडणारा सगळा प्रकाश या चकतीतूनच येतो, आणि तिचा व्यास काढण्याचा हिशेब सोपा आहे : पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागावे. ८×४२ मापाच्या दुर्बिणीत ही चकती सव्वापाच मिलिमीटरची, १०×४२ मध्ये ४.२ मिलिमीटरची, ८×५६ मध्ये ७ मिलिमीटरची आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम ३ मिलिमीटरची असते.

आता डोळ्याकडे वळू. विशीतील माणसाच्या डोळ्याची बाहुली काळोखात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, आणि ८×५६ हे माप ठरविणाऱ्यांनी हाच आकडा प्रमाण धरला होता. वय वाढते तसतसे बाहुलीला फाकविणारे स्नायू दुबळे होत जातात. साठीच्या आसपास ती बहुधा ५ मिलिमीटरच्या जवळपास थांबते आणि पुढे आणखी आखडते. व्यक्तिव्यक्तींत याबाबत बराच फरक असतो, म्हणून नेत्रतज्ज्ञाकडून मंद प्रकाशातील आपल्या बाहुलीचे माप घेऊन ठेवणे हितावह होय.

बाहुली ५ मिलिमीटर उघडत असेल आणि दुर्बिणीची चकती ७ मिलिमीटरची असेल, तर काठाचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. त्या माणसाच्या हाती ८×५६ ची दुर्बीण उजळपणाच्या दृष्टीने ८×४० एवढेच काम करते, मात्र किंमत व वजन यांचा भार तो पुऱ्या ५६ चा वाहतो. मोठ्या चकतीचा एक लाभ नाकारता येत नाही : डोळा किंचित सरकला तरी देखावा नाहीसा होत नाही, आणि मानेला वा हाताला कंप असणाऱ्यांना ही सवलत मोलाची वाटते. परंतु ती सोय आहे, जास्तीचा उजेड नव्हे, हे ध्यानी ठेवूनच तिच्यासाठी पैसे मोजावेत.

गैरसमज : ‘संधिप्रकाशांक’ जितका मोठा, तितकी दुर्बीण सांजवेळेला सरस.

वस्तुस्थिती : वर्धन व भिंगाचा व्यास यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले म्हणजे हा अंक मिळतो, आणि विक्रीच्या तपशीलपत्रकांत तो ठळकपणे छापलेला असतो. ८×४२ चा अंक १८.३, तर ८×५६ चा २१.२ येतो. येथवर सारे सुसंगत वाटते. परंतु कोणी २५×२५ अशी दुर्बीण बनविली, तर तिचा अंक २५ येईल, म्हणजे कागदोपत्री ती या दोहोंपेक्षा श्रेष्ठ ठरेल, आणि प्रत्यक्षात तिच्यातून अवघ्या १ मिलिमीटरची प्रकाशचकती बाहेर पडून संध्याकाळी काळ्या पडद्याखेरीज काही दिसणार नाही. या अंकात काचेचा दर्जा नाही, लेप नाहीत आणि पाहणाऱ्याचे वय तर नाहीच नाही. चकती डोळ्याच्या बाहुलीएवढी असलेल्या दोन दुर्बिणींची तुलना करण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

वर्धनाच्या हव्यासाबद्दलही हेच म्हणावे लागते. दहापटीच्या पुढे गेले की हाताचा स्वाभाविक कंपही तितक्याच पटीने मोठा होऊन दिसतो, आणि प्रतिमा थरथरत असता मंद प्रकाशात बारकावे टिपण्याची उरलीसुरली शक्तीही निकामी होते. मचाणाच्या कठड्यावर दुर्बीण टेकविण्याची सोय असेल तर दहापट वर्धन चालते. हातातच धरावयाची असेल तर सात किंवा आठपट पुरेसे आहे.

गैरसमज : काचेवरील लेप ही केवळ जाहिरातीची बाब आहे.

वस्तुस्थिती : लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीत हवा व काच जेथे एकमेकांस भिडतात असे दहाबारा पृष्ठभाग सहज असतात. बारा पृष्ठभागांचा हिशेब केला तर डोळ्यापर्यंत जेमतेम ६१ टक्के प्रकाश पोहोचतो, आणि उरलेल्यातील काही भाग आत इतस्ततः फिरून प्रतिमेवर धुक्यासारखे सावट आणतो. जर्मनीतील येना येथील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये परावर्तनरोधक लेपाचे पेटंट घेतले, आणि त्याचे लष्करी महत्त्व ओळखून ते तंत्र काही वर्षे गुप्त राखण्यात आले. आज बहुस्तरी लेपांमुळे ही घट पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणता येते आणि उत्तम दुर्बिणीतून ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश पार होतो.

म्हणून लेप सर्व पृष्ठभागांवर व बहुस्तरी आहेत काय, हे अवश्य विचारावे. मात्र ‘९९ टक्के प्रकाश’ अशी भाषा कोणी वापरली, तर तो आकडा एका पृष्ठभागाचा की संपूर्ण दुर्बिणीचा, याचीही चौकशी करावी. तसेच ९० व ९४ टक्के यांतील फरक डोळ्याला जवळजवळ जाणवत नाही, कारण उजळपणाची आपली जाणीव प्रकाशाच्या प्रमाणात सरळ वाढत नसते. तेवढ्यासाठी दुप्पट किंमत मोजणे व्यर्थ होय. अर्थसंकल्प मर्यादित असणाऱ्यांनी जुन्या धाटणीच्या, खांदे बाहेर असलेल्या दुर्बिणीचा जरूर विचार करावा. इग्नात्सिओ पोरो या इटालियन शिल्पज्ञाच्या, १८५४ मध्ये पेटंट झालेल्या लोलकरचनेवर ती आधारलेली असते आणि त्या लोलकांत प्रकाशाचे पूर्ण परावर्तन आपोआपच होते; सरळ नळीच्या बहुतेक दुर्बिणींत त्याच कामासाठी आरशाचा खास लेप द्यावा लागतो. म्हणून सारख्याच किमतीत पोरो रचनेची दुर्बीण बहुधा अधिक उजळ निघते.

गैरसमज : दुर्बिणीतून पाहताना चष्मा काढलाच पाहिजे.

वस्तुस्थिती : केवळ दूरच्या वा जवळच्या नंबराचा दोष असेल, तर दुर्बिणीचे चाक फिरवून तो सावरता येतो आणि चष्म्याशिवाय पाहता येते. दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक असेल, तर बहुधा उजव्या नेत्रिकेवर असलेले वेगळे कडे फिरवून तो एकदाच जुळवून ठेवावा. परंतु ज्यांना सिलिंडरचा नंबर आहे, त्यांचा दोष कोणत्याही चाकाने जात नाही. आणि काळोखात बाहुली मोठी झाल्यावर तो दिवसापेक्षा अधिक जाणवतो. अशांनी चष्मा घालूनच पाहावे आणि त्यासाठी ‘आय रिलीफ’, म्हणजे नेत्रिकेपासून डोळा जितक्या अंतरावर ठेवूनही संपूर्ण देखावा दिसतो ते अंतर, किमान १६ ते १८ मिलिमीटर असलेली दुर्बीण निवडावी. चष्मा असता नेत्रिकेवरील रबरी वाट्या खाली बसवाव्यात. त्या वर ठेवल्या की देखाव्याचा कडेचा भाग कापला जातो, आणि हा साधा बदल न केल्यामुळे अनेक चांगल्या दुर्बिणी विनाकारण नापसंत ठरतात.

गैरसमज : म्हातारपणी रात्री दिसत नाही, त्याला इलाज नाही.

वस्तुस्थिती : वय आपला वाटा घेते हे खरेच. बाहुली आखडण्याबरोबरच नेत्रभिंग पिवळसर होत जाते. या दोन्ही कारणांनी साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतील तरुणाच्या तुलनेने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो असा अंदाज आहे. दृष्टिपटलाच्या मध्याभोवतालच्या दंडपेशीही कमी होत जातात. या हानीतील काही भाग भरून न येणारा आहे. परंतु मोतीबिंदू हा त्यातला नव्हे : गढूळ झालेल्या भिंगातून येणारा विखुरलेला प्रकाश कितीही उंची दुर्बिणीने सुधारत नाही, आणि शस्त्रक्रियेने तो दोष दूर होतो. म्हणूनच दुर्बिणीवर मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वी नेत्रतपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट काळाची. मध्यान्हीच्या उन्हाचा प्रकाश सुमारे १ लाख लक्स, तर पौर्णिमेच्या चंद्राचा जेमतेम पाव लक्स भरतो. या प्रचंड दरीशी पूर्णपणे जुळवून घेण्यास निरोगी डोळ्यालाही अर्धा तास लागतो, आणि उतारवयात तो अवधी आणखी लांबतो. जर्मनीतील शिकाऱ्याला जूनमध्ये सूर्यास्तानंतर सुमारे पाऊण तासाचा संधिप्रकाश लाभतो. आपल्या विदर्भात तो बावीस ते चोवीस मिनिटांत आटोपतो. म्हणजे आपल्याकडे रात्र डोळ्यांच्या तयारीपेक्षा लवकर येते, आणि वृद्ध डोळा मागे पडतो तो पुष्कळ अंशी यामुळेच. सबब त्या दिवशी दुपारच्या उन्हात गडद चष्मा वापरावा, सूर्यास्ताच्या आधीच जागेवर बसावे आणि मोबाइलचा पडदा उघडू नये. एका उजळ पडद्याने वीस मिनिटांची कमाई क्षणात जाते.

तिसरी गोष्ट नजरेच्या सवयीची आहे. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्यामुळे काळोखात ज्या आकृतीवर आपण थेट नजर रोखतो तीच विरून जाते. पाणवठ्याच्या काठावर काही हलले असे वाटले, तर दुर्बीण तेथेच ठेवून दृष्टी किंचित बाजूला, शेजारच्या दगडावर किंवा झुडपावर न्यावी. आणि मग पाठीची उतरण, मानेचा कमान घेतलेला आकार, पाण्याकडे झुकलेले डोके, असे एकेक अवयव जागेवर येऊ लागतात. ही कला शिकण्यास वयाची अट नाही.

निवडीची तजवीज

साठीच्या पुढील बहुतेकांना ७×४२ किंवा ८×४२ मापाची, पूर्ण बहुस्तरी लेप असलेली, चष्मा असल्यास लांब आय रिलीफची दुर्बीण योग्य ठरेल. ज्यांची बाहुली ४ मिलिमीटरच्या पुढे उघडत नाही, त्यांना ८×३२ ची हलकी दुर्बीणही जवळपास तितकाच उजेड देते, आणि ती तासभर हातात धरणे सोपे जाते. परीक्षा दुकानातील दिव्यांखाली घेऊ नये, कारण तेथे सर्वच दुर्बिणी सारख्या उजळ दिसतात. विक्रेत्याची परवानगी घेऊन सूर्यास्तानंतर बाहेर यावे, दूरच्या झाडाच्या सावलीत दोनतीन दुर्बिणी एकामागून एक लावून पाहाव्यात, आणि जिच्यातून पानांचे आकार सर्वांत उशिरापर्यंत वेगळे ओळखता येतात तीच घ्यावी. तपशीलपत्रकातील कोणत्याही आकड्यापेक्षा हा पुरावा अधिक ग्राह्य आहे.

सारांश, खर्चाचा क्रम असा असावा : प्रथम डोळ्यांची तपासणी, मग काचेचा व लेपांचा दर्जा, आणि शेवटी भिंगाचा आकार. बाजार हा क्रम नेमका उलटा सांगतो, कारण मोठे भिंग दुरूनच नजरेत भरते. ज्यांनी आयुष्यभर जंगलावर प्रेम केले त्यांना आयुष्याच्या उत्तरार्धात तेथील संध्याकाळ पाहण्याचा पूर्ण अधिकार आहे. आणि आपल्या डोळ्याचे माप जाणून घेऊन त्या मापाची दुर्बीण निवडणाऱ्याला तो अधिकार पुष्कळ वर्षे बजावता येईल, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.